अली की टायसन? न झालेल्या लढतींचा निकाल कसा लावायचा

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवारची सकाळ. नेरुळला आमच्या घरी नाश्त्याच्या बशा तशाच पडल्या होत्या आणि लहानथोर सगळे टीव्हीसमोर. तिकडे अमेरिकेत, टेक्ससमध्ये, ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलशी लढत होता. दोन-दोन मिनिटांच्या आठच फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत टायसन पुढे सरकला, नंतर त्याचे पाय जड झाले. तिन्ही पंचांनी कौल पॉलला दिला. यूट्यूबवर नाव कमावलेला पोरगा टायसनला हरवून गेला.

आमचा पुतण्या सतरा वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी त्याने बॉक्सिंगचा क्लास लावलाय. टायसनचे जुने व्हिडिओ त्याला तोंडपाठ आहेत. तो गप्प बसून होता. थोरले चाचा मात्र गप्प बसणाऱ्यांपैकी नाहीत. बावीस वर्षं कुवेतला काढून आलेला माणूस, अलीचा पक्का भक्त. म्हणाले, "हा टायसन नव्हे बेटा, हा टायसनचा अब्बा आहे. पण खरा टायसन असता तरी अलीपुढे टिकला नसता." झालं. दुपारच्या जेवणापर्यंत वाद चालला आणि तेव्हापासून दर ईदला, दर दावतीला तो पुन्हा निघतो.

हा वाद फक्त आमच्याच घरातला नाही. दोघंही मुसलमान, त्यामुळे आपल्या घरांत तो जास्तच रंगतो. एकाने १९६४ मध्ये जगज्जेता झाल्याबरोबर जुनं नाव टाकलं, दुसऱ्याने तुरुंगात असताना इस्लाम स्वीकारला. पण "अली जिंकला असता" किंवा "टायसनने पहिल्याच फेरीत झोपवला असता" हे नुसतं ओरडून सांगण्याची गोष्ट नाही. असा वाद करायची एक रीत आहे, ती समजली तर त्यात मजाही जास्त येते आणि बऱ्याच गोष्टी नव्याने दिसतात.

संगणकाने लावलेला निकाल

हा खेळ जुना आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांची आपापसात स्पर्धा लावली. निकालावरून लढतींचं धावतं वर्णन रेडिओवर ऐकवलं. त्यात संगणकाने अलीला जिम जेफ्रीजकडून हरवलं. जेफ्रीज म्हणजे १९०० च्या आसपासचा मल्ल. अली भडकला, त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला.

वोरोनर हुशार माणूस. त्याने तडजोडीत अलीलाच पुढच्या खेळात ओढलं. १९६९ मध्ये अली आणि रॉकी मार्सियानो यांना एका स्टुडिओत उभं करून लढतीचं चित्रीकरण केलं. मार्सियानो ४९ लढती खेळून एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झालेला. आता वय ४५, पोट सुटलेलं, डोक्यावरचे केस गेलेले. त्याने बरंच वजन उतरवलं, टोप घातला आणि उतरला. वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले आणि कुठला खरा हे त्या दोघांनाही सांगितलं नाही.

मार्सियानोला ते कधी कळलंच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात तो गेला. २० जानेवारी १९७० ला चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला नॉकआउट केलं. युरोपात मात्र दुसराच शेवट दाखवला गेला. तिथे मार्सियानोच्या चेहऱ्यावर जखमा झाल्या आणि अली जिंकला.

एकच लढत, एकच संगणक, निकाल मात्र मुलूख बघून. १९७० ची अमेरिका म्हणजे व्हिएतनाम युद्धात जायला नकार देणाऱ्या काळ्या मुसलमानावर अर्धा देश खवळलेला. तिथे कुणाला काय बघायला आवडेल, हे कळायला संगणक कशाला हवा? अशी तुलना करताना आपण ज्याला मनातून जिंकवायचं ठरवलेलं असतं, तोच बहुतेक वेळा जिंकतो. चाचांनाही हे लागू आहे आणि मलाही.

खऱ्या झालेल्या लढती काय सांगतात

दोन काळांतले मल्ल प्रत्यक्षात कधीच भिडले नाहीत असं नाही. भिडले, अनेकदा. २६ ऑक्टोबर १९५१ ला जो लुई आणि मार्सियानो लढले. लुई बारा वर्षं जगज्जेता होता आणि त्याने २५ वेळा किताब राखला होता. त्या रात्री तो ३७ वर्षांचा होता, पैशांच्या अडचणीमुळे परतलेला. आठव्या फेरीत तो दोऱ्यांमधून बाहेर पडला. मग मार्सियानो लुईपेक्षा मोठा ठरला का?

२ ऑक्टोबर १९८० ला अली आणि लॅरी होम्स लढले. होम्स कधीकाळी अलीसोबत सराव करणारा पोरगा, आता जगज्जेता. अली ३८ वर्षांचा. दहा फेऱ्या त्याने मार खाल्ला, मग त्याच्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. सव्वासात वर्षांनी, २२ जानेवारी १९८८ ला, तोच होम्स ३८ वर्षांचा होऊन २१ वर्षांच्या टायसनपुढे उभा राहिला आणि चौथ्या फेरीत तीनदा खाली पडला. अली त्या रात्री तिथे हजर होता. आणि ३६ वर्षांनी टायसनचं जेक पॉलसमोर काय झालं ते आपण नेरुळला बसून पाहिलं.

सगळीकडे एकच गोष्ट झाली, तरुण जिंकला. याला अपवाद म्हणून जॉर्ज फोरमनचं नाव घ्यावं लागेल. ५ नोव्हेंबर १९९४ ला ४५ व्या वर्षी त्याने मायकल मूररला दहाव्या फेरीत पाडून किताब परत मिळवला. अलीकडून हरल्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. १९७० च्या दशकातला माणूस १९९० च्या दशकात चालला, हा पुरावा मात्र कामाचा आहे. जुने मल्ल आजच्या काळात टिकलेच नसते, असं सरसकट म्हणणाऱ्यांना फोरमन दाखवावा.

म्हणून पहिला नियम असा की नाव घेऊन तुलना करू नका, साल घेऊन करा. "अली विरुद्ध टायसन" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला अली? १९६६ मध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत गुंडाळणारा, की १९७४ मध्ये दोऱ्यांना टेकून फोरमनचे ठोसे झेलणारा? कुठला टायसन? जून १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा, की फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसपुढे हातपाय टेकून तोंडातलं रक्षक शोधणारा? दोन्हींत फक्त वीस महिन्यांचं अंतर आहे.

याचा आपल्या देशाशी संबंध आहे. जानेवारी १९८० मध्ये अली हिंदुस्तानात आला होता. दिल्लीत त्याने लष्करातल्या कौर सिंग यांच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळली. कौर सिंग पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत भरलेल्या आशियाई बॉक्सिंग स्पर्धेत त्यांनी हेवीवेटचं सुवर्ण घेतलं आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतही. पुढे पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये ते वारले. चाचा अभिमानाने सांगतात की आपला माणूस अलीसमोर चार फेऱ्या उभा राहिला. खरं आहे, पण तो अली निवृत्ती जाहीर करून बसलेला होता आणि दौऱ्यावर होता. तुलनेला ती लढत उपयोगी नाही. कौर सिंग यांनाही तो न्याय नाही, कारण ते तीन फेऱ्यांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये वाढलेले. त्या काळी आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगचा रस्ताच नव्हता. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनने तर १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, पण तो व्यावसायिक झाला नाही. अली आणि तो एकाच काळातले, दोघंही तयार, आणि तरीही ती लढत झाली नाही. न झालेल्या लढतींसाठी काळ वेगळा असावाच लागतो असं नाही.

माती आणि गादी

दुसरा मुद्दा नियमांचा. कुस्तीवाल्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता वेगळा निघतो आणि मग ते दोघं भिडतात. मातीतला वाघ गादीवर घसरतो, हे आपण पाहिलंय.

गामा पहिलवानाचंच घ्या. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा झबिस्को गादीवर लढले. झबिस्को पोटावर पालथा पडून राहिला तो अडीच तास तसाच. गामा त्याला उलटू शकला नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळ्याला तेच दोघं मातीत उतरले, आणि एक मिनिटही झालं नाही तोवर झबिस्को चीतपट. दोघंही तेव्हा पन्नाशीला आलेले. माणसं तीच होती, खेळाची जागा आणि रीत बदलली होती.

बॉक्सिंगमध्ये ही रीत खूप बदलत गेली. १९१५ मध्ये हवानाला जॅक जॉन्सन आणि जेस विलर्ड यांची लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती, ती २६ व्या फेरीत संपली. पुढे जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा डुक कू किम हा मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर एकेका संघटनेने १२ फेऱ्यांचा नियम आणला. म्हणजे अलीची फ्रेझरशी १९७१ ला झालेली लढत १५ फेऱ्यांची, टायसनच्या बहुतेक किताबाच्या लढती १२ फेऱ्यांच्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत ज्याचा दम पुरतो, त्याला आजच्या नियमांत त्याचा फायदाच मिळत नाही.

पडलेल्या माणसाचंही तसंच. आज प्रतिस्पर्धी पडला की उभ्या राहिलेल्याने लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी सुरू होते. १९१९ मध्ये जॅक डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. तो उठायला लागला की डेम्प्सी शेजारीच उभा, अर्धवट उठल्याबरोबर पुन्हा ठोसा. आजचा रेफरी हे चालू देणार नाही. त्या लढतीत डेम्प्सी ८५ किलोचा होता आणि विलर्ड १११ किलोचा, हेही लक्षात ठेवा. वजनाच्या मुद्द्यावर मी याकडे परत येणार आहे.

अ हरवतो ब ला, ब हरवतो क ला

पुतण्याचा आवडता युक्तिवाद असा असतो. अमक्याने तमक्याला हरवलं, तमक्याने तिसऱ्याला, म्हणजे पहिला तिसऱ्याला सहज हरवणार. शाळेच्या गणितात हे बरोबर आहे. रिंगमध्ये नाही.

८ मार्च १९७१ ला जो फ्रेझरने अलीला हरवलं, पंधराव्या फेरीत डाव्या हूकने त्याला पाठीवर पाडलं. २२ जानेवारी १९७३ ला फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. मार्च १९७४ मध्ये फोरमनने नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत संपवलं. आता गणित मांडा. अलीला हरवणारे दोघं, आणि त्या दोघांना चिरडणारा फोरमन. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात फोरमन अलीला मारूनच टाकेल, असं जाणकारांना वाटत होतं. आठव्या फेरीत फोरमन जमिनीवर होता.

असं का झालं? फ्रेझर वाकून, डोलत, सरळ आत शिरायचा. आत शिरणारा माणूस फोरमनच्या वरून येणाऱ्या ठोशांच्या वाटेवरच येतो. अलीला मात्र तोच फ्रेझर अवघड जायचा, कारण अली मागे झुकून ठोसे चुकवायचा आणि फ्रेझरचा हूक नेमका त्या झुकलेल्या डोक्याला गाठायचा. फोरमन सगळा जोर पहिल्या चार-पाच फेऱ्यांत खर्च करायचा. अलीने तो त्याला करू दिला, दोऱ्यांना टेकून हातांवर झेलला आणि फोरमन रिकामा झाल्यावर आपला हात चालवला. एकाच काळातल्या या माणसांची उतरंड लागत नाही, तर शंभर वर्षांतल्या विजेत्यांची एक ते दहा यादी करणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. दोन मल्लांची तुलना होऊ शकते, पण ती त्या दोघांपुरतीच.

तर मग, अली आणि टायसन

आता आमच्या घरचा निकाल. साल ठरवू. अली नोव्हेंबर १९६६ चा, वय २४. टायसन जून १९८८ चा, वय २१. बारा फेऱ्या, आजचे नियम.

अलीची उंची १९१ सेंटिमीटर, हातांची पोच १९८. टायसनची उंची १७८, पोच १८०. म्हणजे टायसनला ठोसा लागेल इतकं जवळ यायचं तर अलीच्या जॅबमधून पार व्हावं लागणार. पण टायसनचं कौशल्य नेमकं तेच होतं. तो डोकं सतत हलवत ठेवायचा आणि जॅबच्या खालून आत जाऊन एका श्वासात चार ठोसे द्यायचा. अली आणि डावा हूक यांचं जुनं वैर आहे. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने त्याला डाव्या हूकनेच पाडलं होतं, १९७१ मध्ये फ्रेझरने. टायसनचा डावा हूक त्या दोघांपेक्षा कमी नव्हता आणि वेग जास्त होता. पहिल्या चार फेऱ्यांत अली एकदा तरी पडला असता, असं मला वाटतं. चाचांना हे वाक्य आवडणार नाही.

पण अली पडला की उठायचा. कूपरसमोर उठला, फ्रेझरसमोर उठला. आणि टायसनच्या उत्तम काळातल्या लढती नीट पाहा. १९८६ मध्ये जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन, १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर, या चौघांना टायसन नॉकआउट करू शकला नाही, लढती गुणांवर गेल्या. बहुतेक उंच, आणि बिलगून धरणारे. स्मिथने तर पूर्ण लढत धरूनच काढली. डग्लस जिंकला तोही लांब जॅब मारून आणि टायसन आत आला की त्याला जखडून. मानेमागे हात टाकून प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं ही तर अलीची खासियत, १९७४ च्या दुसऱ्या लढतीत त्याने फ्रेझरला असंच रोखलं. कडक रेफरी असेल तर यासाठी गुण कापू शकतो, हा टायसनच्या बाजूचा मुद्दा आहे.

माझा कौल अली, गुणांवर. सहाव्या फेरीनंतर टायसनचे ठोसे एकेकटे यायला लागले असते. पुतण्या म्हणतो सहावी फेरी आलीच नसती. हेही अशक्य नाही.

आजच्या राक्षसांसमोर काय? टायसन फ्युरी २०६ सेंटिमीटर उंच. त्याच्यासमोर ९६ किलोचा अली लहान वाटला असता, मार्सियानो तर आजच्या हिशेबाने हेवीवेटमध्येही बसत नाही, त्याचं वजन क्रूझरवेटच्या ९० किलोच्या मर्यादेतलं. पण युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडे बघा. उंची १९१, पोच १९८, म्हणजे आकड्यांत जवळपास अलीच. मे २०२४ मध्ये रियाधला तो सुमारे १०१ किलोचा होता, फ्युरी ११९ चा. उसिक जिंकला. डिसेंबरमध्ये परत लढले, परत जिंकला. डेम्प्सीने १९१९ मध्ये केलं ते २०२४ मध्येही झालं. अलीने स्वतःही फेब्रुवारी १९६७ मध्ये १९८ सेंटिमीटरच्या अर्नी टेरेलला पंधरा फेऱ्या नाचवलं होतं. टेरेल त्याला जुन्या नावाने हाक मारत राहिला, म्हणून अली त्या लढतीत दर थोड्या वेळाने त्याला आपलं नाव विचारत होता. ती लढत क्रूर होती, मला ती पाहवत नाही. पण उंच माणसाचं काय करायचं हे अलीला येत होतं, एवढं त्यातून दिसतं.

न पाहिलेला अली

आता मूळ अडचण. आपण १९६६ चा अली घेतला. तो त्याचा सर्वोत्तम अली होता का? सांगता येत नाही, कारण पुढचा अली कुणी पाहिलाच नाही.

२२ मार्च १९६७ ला त्याने झोरा फोलीला हरवलं. २८ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी नाव पुकारलं गेलं, तो पुढे आला नाही. माझा धर्म मला या युद्धात जाऊ देत नाही, ही त्याची भूमिका. परवाना गेला, किताब गेला, जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर बाहेर राहिला, पण लढायला जागा नाही. पुढची लढत झाली २६ ऑक्टोबर १९७० ला. तीन वर्षं सात महिने. वय २५ ते २८. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती २८ जून १९७१ ला, आठ विरुद्ध शून्य मतांनी.

हेवीवेट मल्लाच्या आयुष्यात यापेक्षा किमती वर्षं नसतात. परत आलेला अली जड होता, पायांतलं नाचणं कमी झालेलं. पूर्वी तो ठोसे चुकवायचा, आता झेलायला लागला. लोक ज्या अलीला महान म्हणतात, म्हणजे फ्रेझरच्या तीन लढती, किन्शासा, मनिला, तो सगळा या दुसऱ्या अलीचा खेळ आहे. जो लुईचीही चार वर्षं गेली, मार्च १९४२ ते जून १९४६. पण तो सैन्यात दाखल झाला होता, सरकारने त्याला मिरवलं, किताब तसाच राहू दिला. एकाची वर्षं युद्धात गेल्याने गेली, दुसऱ्याची न गेल्याने. टायसनचीही १९९२ ते १९९५ तीन वर्षं गेली, पण ती बलात्काराच्या शिक्षेत. या तिघांना एकाच रांगेत धरून "वाया गेलेली वर्षं" म्हणणं मला पटत नाही, आणि हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितलंय.

१९६८ च्या अलीला कुठल्याही संगणकात घालता येत नाही. त्याचा एकही आकडा नाही.

आणि झेलायला लागला, त्याची किंमत त्याने दिली. होम्सशी लढला तेव्हा दिल्लीच्या त्या प्रदर्शनी लढतीला नऊ महिने झाले नव्हते. शेवटची लढत ११ डिसेंबर १९८१ ला ट्रेव्हर बर्बिकशी, तीही हरला. त्याच बर्बिकला १९८६ मध्ये हरवून टायसन २० व्या वर्षी जगज्जेता झाला. अलीला पार्किन्सन असल्याचं १९८४ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो ४२ चा होता. बत्तीस वर्षं तो आजार घेऊन जगला, ३ जून २०१६ ला गेला. ठोशांमुळे मेंदूवर होणारा परिणाम तर १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने लिहून ठेवला होता.

आमच्या घरातल्या वादात भाभी कधी बोलत नाहीत. गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर एकदाच बोलल्या. पुतण्या सरावात डोक्याला ठोसा लागून दोन दिवस डोकं धरून बसला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. त्यांनी चाचांना विचारलं, "तुमच्या अलीचे हात का थरथरत होते, ते याला सांगितलंत का?" चाचा गप्प झाले. मग बाकीची चर्चा झाली. चेहऱ्यावर मारू नये, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सगळ्यांना ठाऊक आहे. मक्केतल्या राबिताच्या फिकह अकादमीने १९८७ मध्ये याच कारणांवरून, शरीराला होणारी इजा आणि चेहऱ्यावरचा मार, बॉक्सिंग नाजायज ठरवलं होतं. दुसरीकडे निजामाबादची निखत झरीन दोनदा जगज्जेती झाली तेव्हा आपल्याच घरांत मिठाई वाटली गेली. कुटुंबाने आपल्या आलिमांना विचारावं, डॉक्टरांनाही विचारावं, एवढंच मी म्हणेन.

आमच्याकडे ठरलं ते असं. क्लास चालू. बॅगवर सराव, दोरीवरच्या उड्या, पायांचं काम, सगळं चालू. समोरासमोर डोक्यावर ठोसे खाण्याचा सराव बंद, निदान अठरा पूर्ण होईपर्यंत. प्रशिक्षकांनीही ते मान्य केलं. पुतण्याला आवडलेलं नाही. अठराचा तो येत्या मार्चमध्ये होतो, आणि तारीख भाभींना त्याच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

वाद मात्र चालू आहे. येत्या ईदसाठी चाचांनी नवी लढत ठरवलीय, १९६६ चा अली आणि २०२४ चा उसिक. उसिक डावखुरा आहे, आणि डावखुऱ्यासमोर अलीचा जॅब कसा चालला असता यावर पुतण्या गेला आठवडाभर व्हिडिओ बघतोय.